पेरणीच्या वेळी हवे असलेले गिऱ्हाईक

आज १ जुलै, कृषी दिन. वसंतराव नाईक यांचा जन्म १९१३ साली याच तारखेला यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातल्या गहुली या गावी झाला. १९६३ ते १९७५ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्या वर्षांत रेशनच्या दुकानापुढे रांगा लागत आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो घरोघर भाकरीला वापरली जाई. १९७२ च्या दुष्काळाने तर राज्य हादरून गेले. संकरित ज्वारी, रासायनिक खत, विहिरीवरची मोटार आणि राहुरी, अकोला, दापोली, परभणी येथील कृषी विद्यापीठे ही त्या पिढीने त्या टंचाईला दिलेली उत्तरे होती. भुकेल्या राज्याला आधी धान्य हवे होते आणि ते त्यांनी पिकवून दाखवले. खतांचे आणि औषधांचे पाप आज त्यांच्या माथी मारणाऱ्यांनी त्या रांगांची आठवण ठेवली पाहिजे.

त्याच रांगांत उभे राहिलेल्यांची नातवंडे आज पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात नोकऱ्या करतात. धान्य मिळेल की नाही ही धास्ती त्यांनी अनुभवलेली नाही. त्यांची धास्ती वेगळी आहे. पालेभाजीवर काय मारले असेल, केळी कशाने पिकवली असतील, बाळाच्या पहिल्या वरणभाताची डाळ कुठून आणावी, हे त्यांचे प्रश्न आहेत. या प्रश्नांपायी ते दीडपट, प्रसंगी दुप्पट दाम मोजायला तयार होतात. पहिला पगार हाती आला की कपड्यालत्त्यावर खर्च करायचा, ही रीत अजून आहेच. पण तिशीतल्या जोडप्याच्या घरखर्चात लाकडी घाण्याचे तेल, बिनापॉलिशची डाळ, काळसर गूळ, देशी वाणाचा तांदूळ या गोष्टी आता ठरवून येऊ लागल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शेतकरी गटांनी भाजीच्या गाड्या थेट सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आणल्या. पिकवणारा आणि खाणारा तेव्हा पहिल्यांदा एकमेकांना नावाने ओळखू लागले. त्यातले काही धागे तुटले, काही अजून टिकून आहेत.

या तयारीकडे श्रीमंतांचे चोचले म्हणून पाहणे आम्हाला मान्य नाही. स्वयंपाकघरासाठी दोन पैसे जास्त मोजायला तरुण पिढी आपणहून तयार होते आहे, ही शेतीच्या दृष्टीने मोठी घटना आहे. आजवर शेतमालाच्या बाबतीत शहराची एकच मागणी असे, ती स्वस्ताईची. कांदा चढला की सरकारे घाबरतात, ती या मागणीला. त्यामुळे ‘जास्त देतो, पण चांगले पिकवा’ हा आवाज कितीही क्षीण असला तरी मोलाचा आहे. आमचे म्हणणे एवढेच की हा जादा पैसा आज चुकीच्या वेळी दिला जातो. म्हणून जिथे त्याची खरी निकड आहे तिथे तो पोचत नाही.

खाणाऱ्याच्या पसंतीत केवढी ताकद असते, हे गुळात दिसते. कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांत उसाच्या रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरायची जुनी पद्धत आहे. त्याने गूळ स्वच्छ होतो, पण रंग तपकिरी राहतो. बाजाराला मात्र पिवळाधमक गूळ हवा होता. पिवळ्याला भाव आणि काळ्याला पाडून मागणी, असे वर्षानुवर्षे चालले तेव्हा काहिलीत रंग उजळणारी हायड्रोस पावडर पडू लागली. गुऱ्हाळवाल्याला तिची हौस नव्हती. ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी मागवली होती. आज तेच गिऱ्हाईक काळसर गूळ मागून घेते आणि त्याला जास्त पैसे मोजते, म्हणून पुन्हा भेंडी वापरणारी, रसायनाविना गूळ काढणारी गुऱ्हाळे उभी राहत आहेत. वांग्याला एकही भोक नको, भेंडी एका मापाची हवी, सफरचंद चकाकले पाहिजे, हे हट्टही असेच फवारणीच्या पंपापर्यंत पोचतात. ज्याला रसायनमुक्त खायचे आहे त्याने किडलेला कोपरा कापून उरलेले वांगे शिजवायची तयारीही ठेवली पाहिजे.

द्राक्षांचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१० साली युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. नाशिकच्या बागायतदारांना तो हंगाम फार महागात पडला. त्यानंतर निर्यातीच्या बागांची शिस्त आणखी कडक झाली. बागेची नोंदणी, प्रत्येक फवारणीची तारीखवार नोंद, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे याचा हिशेब आणि घड काढण्याआधी प्रयोगशाळेत नमुना. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ या अंशांवर नजर ठेवतात. आज नाशिक जिल्ह्यातला साधा बागायतदारही ‘पीएचआय’ (फवारणी ते काढणी अंतर) आणि ‘रेसिड्यू’ (अंश) हे शब्द सहज वापरतो. परक्या देशातल्या ग्राहकाच्या आग्रहाने, त्यामागे उभ्या असलेल्या कायद्याने आणि तपासणीने हे घडले. त्याच जिल्ह्यातली मेथी, टोमॅटो आणि सिमला मिरची पुण्याच्या आणि वाशीच्या बाजारात येते तेव्हा तिची अशी वही कुणी मागत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे, अंशांच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. पण बाजार समितीच्या गाळ्यावर रोज येणाऱ्या भाजीच्या मानाने तपासले जाणारे नमुने नगण्य असतात. लंडनच्या मुलाला जी शाश्वती मिळते ती लासलगावच्या मुलाला मिळत नाही, ही गोष्ट स्वतंत्र देशाला शोभणारी नाही.

मात्र तरुण ग्राहकाची काळजी बहुतेक वेळा ताटाशीच थांबते, आणि विषाचा पहिला घाव ताटावर बसत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आज, कृषी दिनी, आठवलेच पाहिजे. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. बोंडअळीच्या आणि रस शोषणाऱ्या किडींच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारणी चालली होती. हवा दमट होती आणि पंप जोराचा. औषधाचे तुषार वरून चेहऱ्यावर, डोळ्यांत, उघड्या अंगावर पडत होते. हातमोजे नव्हते, तोंडाला फार तर रुमाल. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण उपचारासाठी दाखल झाले, कित्येकांची दृष्टी अधू झाली. यवतमाळच्या ज्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना आणले गेले, त्याला नाव वसंतराव नाईक यांचेच आहे. मेलेल्यांतले कितीतरी जण रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेलेले होते. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांच्यासाठी मेथीची स्वच्छ जुडी हा प्रश्नच नव्हता.

आणि ते पीक खाण्याचे नव्हते, कापसाचे होते. शहरात जो जादा दाम मोजला जातो तो भाजी, तांदूळ, डाळ, तूप यांवर. फवारणीने माणसे गेली ती कपाशीत. ताटाच्या काळजीतून निघालेला पैसा या शिवारापर्यंत पोचणारच नाही, असे वरवर पाहता वाटेल. पण विदर्भातला शेतकरी कपाशी एकटी लावत नाही. कपाशीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ, हा तिथला जुना नेम. कपाशीने दगा दिला तर तुरीने घर चालते. तीच तूर मळणी होऊन, गिरणीत भरडून आपल्या वरणात येते. सरकीचे तेल तळणात जाते आणि सरकीची ढेप दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत. शेजारच्या ओळीत कपाशीवर जहाल औषध मारणाऱ्या शेतकऱ्याला आपली तूर रसायनमुक्त म्हणून विकताच येत नाही. तूर स्वच्छ हवी असेल तर कपाशीही स्वच्छ करावी लागते. शहरातल्या ताटापासून यवतमाळच्या फवारणी करणाऱ्या मजुरापर्यंत जाणारी वाट आहे, ती या तुरीच्या ओळीतून जाते.

मग ती वाट चालू का होत नाही? कारण रासायनिक शेती सोडण्याची पहिली दोन-तीन वर्षे शेतकऱ्याला एकट्याने काढावी लागतात. सेंद्रिय प्रमाणपत्राचा राष्ट्रीय नियम हंगामी पिकांसाठी दोन वर्षांचा आणि फळबागांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ मागतो. तो योग्यही आहे, कारण जमिनीला सावरायला वेळ लागतो. पण याच काळात उत्पन्न घटते. वर्षानुवर्षे युरियावर पोसलेल्या, सेंद्रिय कर्ब घसरलेल्या जमिनीत जीवामृत ओतले म्हणून पहिल्याच हंगामात बोंडे लगडत नाहीत. तण वाढते. तणनाशक सोडले की खुरपणीला बायका लागतात आणि त्यांची मजुरी रोख द्यावी लागते. शेणखताची ट्रॉली मिळत नाही, कारण गावात गुरेच कमी झाली आहेत. दुसरीकडे ४५ किलोची युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळे तीनशे रुपयांच्या आत मिळते. म्हणजे उत्पन्न कमी, खर्च जास्त आणि हातात प्रमाणपत्र नसल्याने माल विकायचा तो साध्याच भावाने. ज्या तरुणाला पुण्यातल्या दुकानात दुप्पट पैसे द्यायला हरकत नसते, तो पैसे देतो ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्याआधीच मोडून पुन्हा औषधाच्या दुकानात उधारीवर उभा राहिलेला शेतकरी त्याला कधी दिसतच नाही.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिलेल्या पैशांतूनही वेष्टन, वाहतूक, गोदाम, दुकानाचे भाडे आणि प्रमाणपत्राचा खर्च वजा होतो. हे खर्च खोटे नाहीत. पण शेतकऱ्याला त्या जादा रकमेतला किती वाटा मिळाला, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने दर वेळी मोकळेपणाने विचारला पाहिजे. जो विक्रेता त्याचे सरळ उत्तर देतो त्याच्याकडेच गेले पाहिजे. २०१६ पासून आपल्या राज्यात फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला आहे. शेतकऱ्याने थेट विकायला आता आडकाठी नाही. आठवडे बाजारात जो शेतकरी स्वतः बसतो त्याला तोंडावर विचारता येते, आणि तोही बांधावर यायचे आमंत्रण देतो. ते आमंत्रण स्वीकारणारे शहरात अजून थोडे आहेत.

सरकार काही करत नाही असेही नाही. परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून आहे. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाने सुरू झालेले सेंद्रिय शेतीचे अभियान पुढे नैसर्गिक शेतीचे झाले आणि राज्यभर नेले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने साडेसात लाख हेक्टर आणि एक कोटी शेतकऱ्यांचे उद्दिष्ट ठेवून नैसर्गिक शेतीचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. या योजनांत प्रशिक्षण मिळते, निविष्ठांना मदत मिळते, गट तयार होतात. गिऱ्हाईक मात्र कुठल्याही योजनेतून मिळत नाही. गट तयार होऊन तीन वर्षांनी अनुदान संपले आणि माल नेहमीच्याच आडतीवर गेला, तर सगळे मुसळ केरात.

घाईने सगळे एकदम बदलावे, असे आम्ही म्हणणार नाही. श्रीलंकेत २०२१ साली रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली गेली. काही महिन्यांत भाताचे उत्पादन कोसळले, चहाला फटका बसला आणि त्याच वर्षाअखेर बंदी मागे घ्यावी लागली. त्यात सर्वांत जास्त भरडले गेले ते लहान शेतकरी आणि गरीब खाणारे. हा बदल शेताशेताने, गटागटाने आणि पाठीशी पैसा उभा करूनच होतो.

ग्राहकानेही आपल्या अपेक्षा नीट तपासून घ्याव्यात. सेंद्रिय अन्न नेहमीच्या अन्नापेक्षा फार जास्त पौष्टिक असते, असा ठाम पुरावा नाही. त्यावर कीटकनाशकांचे अंश कमी असतात, हे मात्र खात्रीने म्हणता येते आणि तेवढे कारण पुरेसे आहे. सेंद्रिय शेतातही फवारणी असते, निंबोळी अर्काची, दशपर्णीची, द्राक्षावर बोर्डो मिश्रणाची. गावात नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीने शेती करणारा आणि गांडूळखत वापरणारा एकमेकांशी कडाडून वाद घालतात. त्या वादात शहराने पडायचे कारण नाही. शेतकरी काय वापरतो ते तो लपवत नाही ना, एवढे पाहावे.

विश्वासाचा प्रश्न खरा आहे. ‘ऑरगॅनिक’ असे हिरव्या अक्षरांत छापलेले प्रत्येक पाकीट खरे नसते. २०१७ साली ‘जैविक भारत’ हे चिन्ह आले. पाकिटावर अधिकृत चिन्ह आहे का, ते पाहायची सवय लावून घ्यावी. पण आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती सहभाग हमी पद्धत, म्हणजे पीजीएस. तीत एका परिसरातले शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि एकमेकांची हमी देतात. लहान शेतकऱ्याला परवडेल अशी ही पद्धत आहे. तिच्यात संक्रमणकाळातल्या मालासाठी ‘पीजीएस-ग्रीन’ अशी वेगळी पायरी आहे. रासायनिक शेती सोडलेला, पण अजून पूर्ण सेंद्रिय न ठरलेला शेतकरी या पायरीवर उभा असतो. शहरातल्या तरुणांनी जादा दाम द्यायचाच असेल तर तो या पायरीवर द्यावा. या मालात थोडेफार अंश सापडतीलही. पण त्या पैशाने एक शेत कायमचे बदलते. आधीच बदललेल्या शेताच्या मालाला मोजलेल्या पैशाने एवढे होत नाही.

अशा व्यवहाराची रीत जपानने घालून दिली आहे. मिनामाताच्या पारा-विषबाधेने आणि शेतीतल्या रसायनांनी तो देश अस्वस्थ असताना, १९७० च्या दशकात तिथल्या गृहिणींच्या गटांनी थेट शेतकऱ्यांशी करार केले. त्यांना ‘तेइकेई’ म्हणतात. शेतात जे पिकेल ते सगळे गटाने घ्यायचे, भाव दोघांनी बसून ठरवायचा, गरज पडली तर खुरपायलाही जायचे. एखाद्या हंगामात मुळाच जास्त आला तर सगळ्यांनी मुळा खायचा. पुण्या-मुंबईतही काही गट धान्याची आणि भाजीची आगाऊ नोंदणी करतात. त्यांची संख्या वाढली पाहिजे.

हिशेब फार मोठा नाही. चार माणसांच्या घराला वर्षभरात पंचवीस-तीस किलो तूरडाळ लागते. समजा किलोमागे पन्नास रुपये जास्त दिले, तर वर्षाला सव्वा ते दीड हजार रुपये होतात. बाहेरच्या एका जेवणाचे बिल एवढे सहज होते. एका सोसायटीतल्या पन्नास घरांनी मिळून हे केले तर वर्षाला साठ-पंचाहत्तर हजारांची जादा रक्कम तयार होते. त्यातून गटातल्या चार-पाच शेतांच्या खुरपणीच्या मजुरीला मोठा हातभार लागू शकतो. पण हे पैसे फेब्रुवारीत डाळ हातात आल्यावर देऊन चालत नाही. खुरपणी जुलै-ऑगस्टमध्ये असते. औषधाच्या दुकानदाराची उधारीही याच दिवसांत चालू होते आणि कपाशीवरची पहिली फवारणीही याच दिवसांत होते.

ज्यांना हे दीड हजारही परवडत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न या सगळ्यामागे उभाच आहे. सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या घरी कोपऱ्यावरच्या गाडीवरचीच भाजी शिजते आणि रेशनच्याच दुकानातला तांदूळ. निर्धोक अन्न फक्त पैसेवाल्यांना मिळावे, हा विचार आम्हाला असह्य आहे. म्हणून जादा दाम देणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी येते. बाजार समित्यांत भाजीच्या नमुन्यांची नियमित तपासणी व्हावी, तिचे निष्कर्ष लोकांसमोर यावेत, ज्या औषधांनी यवतमाळात माणसे मेली ती शेतातून हद्दपार व्हावीत आणि अंगणवाडी व शालेय पोषण आहाराला पीजीएस गटांची डाळ मिळावी, यासाठी त्यांनी आवाज उठवला पाहिजे. शिकलेल्या, नोकरदार तरुणांचे सरकार ऐकते. मजुरांच्या बाजूने बोलण्याची ताकद त्यांच्याकडे आहे आणि ती त्यांनी वापरली पाहिजे.

या आठवड्यात विदर्भात पेरण्या चालू आहेत. कपाशीच्या ओळींमध्ये तूर टोबली जाते आहे. पुढच्या वर्षी जी डाळ शहरातल्या कुकरमध्ये शिजेल, तिचे बी आज मातीत पडते आहे. रासायनिक शेती सोडायचा विचार करणारे शेतकरी प्रत्येक तालुक्यात आहेत. सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, शेतकरी उत्पादक कंपनीकडे किंवा पीजीएस गटाच्या प्रमुखाकडे विचारले तर त्यांची नावे मिळतात. ज्या सोसायट्यांना, कार्यालयांना, मित्रमंडळांना त्यांच्याशी बोलायचे आहे, त्यांनी नागपंचमीच्या आत बोलावे. त्यानंतर कपाशीवरची फवारणी जोर धरते.